उजवीकडचं पाणी

आबा, तुम्हाला मी आजवर एकच पत्र लिहिलं होतं, वसतिगृहातून, रेशनकार्डाची झेरॉक्स पाठवा म्हणून. हे दुसरं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी पुढे काय काम धरलं ते तुम्हाला कळायचं राहूनच गेलं. तुम्ही भेटेल त्याला सांगायचात, माझी बाय पुण्याला मोठ्या कालेजात मास्तरीण हाय. ते खरंच आहे, पण गेली दहा वर्षं शिकवणं कमी आणि दुसरंच काम जास्त. आम्ही पाचजण आहोत. एक मानसशास्त्राचा, एक राज्यशास्त्राची, एक धर्मग्रंथ वाचणारा, एक अणुविज्ञान सोडून आलेला आणि मी. ज्यांच्या हातात अणुबाँबची कळ आहे ती माणसं देव मानत असतील, तर त्या देवामुळे त्यांचा हात आखडतो की सुटतो, एवढंच आम्ही शोधतो. देशोदेशीच्या पुढाऱ्यांची भाषणं घेऊन बसतो, त्यांतला देव, त्यांतलं पाप, त्यांतला जगाचा शेवटचा दिवस, सगळं चाळून काढतो. उत्तर काही सापडत नाही. मग आम्ही चाळणी बदलतो.

यातलं काहीही सुचण्याआधीचा एक दिवस माझ्या मनातून जात नाही. वाळवंटात आपल्या देशाने चाचणी केली होती, बुद्धपौर्णिमेला. मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पडवीत आंब्याची साठं वाळत घालतेय, मी कावळे हाकत बसलेय, आणि गावचे मानकरी पेढे नि नारळ घेऊन देवळाकडे निघालेत. तुम्ही गुरव, तुम्हाला बोलावणं येणारच. मीही मागोमाग गेले. तुम्ही गाऱ्हाणं घातलंत, बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमली हायत, आणि सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. इथवर ठीक होतं. मग त्यातल्या सर्वांत वयस्कर मानकऱ्याने कौल लावायला सांगितला. वेळ आलीच तर हा बाँब समोरच्यावर टाकायला देवाचा हुकूम आहे का, असं विचारायचं होतं. कोणी हसलं नाही. आमच्या गावात विहीर खणायची झाली तरी देवाला विचारतात, मग हे तर मोठंच काम.

तुम्ही देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या लावल्यात, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली. मग म्हातारा म्हणाला, आपला प्रश्नच चुकला, आपण आपल्या राखणीसाठी टाकला तर, असं विचारा. पुन्हा डावी. तेव्हा कोणीतरी सुचवलं, पोराबाळांच्या रक्षणासाठी, असं म्हणा. ऊन चढलं होतं, तुमच्या पाठीवरून घाम वाहत होता. तिसऱ्यांदा उजवी पाकळी पटकन पडली. केवढ्यानं व्हय म्हाराजा झालं. पेढे वाटले. मीही एक खाल्ला, हे लपवत नाही.

घरी येऊन तुम्ही विहिरीवर हातपाय धूत होतात, तिथे मी तुम्हाला गाठलं. मी वीस वर्षांची होते आणि सगळं कळत असल्यासारखी बोलायचे. देव माणसं मारायला सांगतो, आणि तुम्ही त्याचे निरोपे, असं काहीसं म्हणाले. तुम्ही रागावला नाहीत. पंच्यानं तोंड पुसलंत आणि म्हणालात, "देवानं न्हाय सांगितलं. तिसऱ्या खेपेला मी उजवीकडं पानी कमी लावलं."

मला आधी कळलंच नाही. पाणी कमी असलं की पाकळी लवकर सुटते, हे कळलं तेव्हा मी तुम्हाला खोटारडे म्हटलं. बापाला असं कोणी म्हणत नाही. आई साठं टाकून धावत आली. तुम्ही तिला हातानं थांबवलंत.

"बाय, त्यांचं घरातना निघतानाच ठरलं व्हतं. देवाला फकस्त सही करायला बोलावलं. दोनदा न्हाय म्हनला, त्यांनी ऐकलं? उजवा कौल पडंपर्यंत ती मानसं उठली नसती."

मी म्हणाले, मग उठवायचं नव्हतंत. बसू द्यायचं होतंत संध्याकाळपर्यंत. तुम्ही कळशी उचलून आत गेलात. त्यानंतर वर्षानुवर्षं मी देवळाची पायरी चढले नाही. तुम्हीही कधी चल म्हणाला नाहीत, आणि ते मला अजून खुपतं.

आता माझी चोरी ऐका. श्रद्धा माणसाच्या मनात हेतू घालत नाही, हेतू आधी असतो, श्रद्धेकडे तो फक्त सही मागायला येतो, हे वाक्य मी आमच्या पहिल्या निबंधात लिहिलं. फार वाखाणलं गेलं. परदेशात दोन ठिकाणी मी त्यावर बोलून आले. खाली टीप दिली, कोकणातील एक ग्रामीण निवेदक. आबा, तो निवेदक, म्हणजे माहिती देणारा, तुम्ही. आणि पाण्याची गोष्ट मी कुठेच लिहिली नाही. लिहिली असती तर पुढचा प्रश्न आलाच असता, की देव दोनदा नाही म्हणाला तेव्हा त्या नाहीचं काय झालं, आणि सही करणारा हात कोणाचा होता. लाज वाटली. तुमची वाटली की माझी, ते नक्की सांगता येत नाही.

यंदा वैशाखात आपल्यात नि शेजारच्या देशात पुन्हा पेटलं. तुमची नात, जी तुम्ही पाहिलीच नाहीत, सीमेलगतच्या शहरात डॉक्टरकी शिकते. गाड्या बंद, विमानं बंद, फोन लागला तर लागला. मी गावी आले होते, दादाकडे. रत्नागिरीत हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजवून बघितला त्या दिवशी वहिनी भात गाळताना म्हणाली, आपल्या हातात काय हाय? माझ्या हातात आमच्या अहवालाचं शेवटचं प्रकरण होतं, हेतूंवरचं. कळ दाबली जाण्याची शक्यता किती, हे मी लिहायचं होतं. पडवीत कागद घेऊन बसले. तुमच्या नातीचा चेहरा सोडून मला काही दिसेना.

शेवटी दादाला म्हटलं, देवळात चल. तो गुरव आता. त्याने पाकळ्या भिजवल्या. सत्तावीस वर्षांनी मी त्या पाषाणासमोर उभी होते, आणि मला साधा प्रश्न धड विचारता येईना. म्हाराजा, तो बाँब पडणार नाही ना, एवढं म्हटलं.

डावी पडली.

मी म्हणाले, प्रश्न चुकला, पुन्हा लाव. माझी पोर सुखरूप येईल ना, असं विचार. पुन्हा डावी. दादा माझ्याकडे बघेना. बाहेर त्या म्हाताऱ्या मानकऱ्याचा नातू दुचाकी पुसत होता. तुम्हाला मी संध्याकाळपर्यंत बसायला सांगितलं होतं ना? माझ्याच्यानं पाव तास निघाला नाही.

"दादा," मी म्हटलं, "उजवीकडं पाणी जरा कमी लाव."

ही गोष्ट मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने मान खाली घातली आणि लावलं.

लेक आठवड्याने आली, तो भाग वेगळा. त्याचा कौलाशी संबंध नाही, हे मी शपथेवर सांगेन. अहवालाचं ते प्रकरण अजून कोरंच आहे. हे पत्र त्याच कागदांवर लिहिलंय आणि त्यांच्यातच राहील. पण आबा, कोणाला सांगू नका, उजवी पाकळी पडली तेव्हा, तिच्याखाली पाणी कमी होतं हे माहीत असून, मला खरंच हायसं वाटलं.