आप्पांच्या पाळीचा चहा

गोडादरा, मंगळवार, संध्याकाळ

आप्पा आजही चहाच्या टपरीवर गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. पण दूध आणायला भरभर गेले, तेही टपरी टाळून, मागच्या गल्लीने.

मग लक्षात आलं. मिलमधले त्यांचे जुने सोबती रोज तिथे बसतात आणि पाळीपाळीने सगळ्यांना चहा पाजतात. सध्या पाळी आप्पांची आहे. चहा दरवर्षी महागतो. आप्पांची पेन्शन मात्र निवृत्त झाले तेव्हा होती तेवढीच.

मी माझ्या पगारातले पैसे पुढे केले. म्हटलं, "पेन्शन वाढेपर्यंत घ्या."

"तू काय सरकार शे का?" आप्पा हसले. मग पैसे माझ्याकडे परत सरकवले. "पोरीना पैसानी चहा पाजू का मी लोकस्ले?"

महागाईप्रमाणे पेन्शन वाढायला हवी, असं मी बी.ए.च्या पेपरात किती ठासून लिहिलं होतं! धान्य, औषधं, घरभाडं, सगळं लिहिलं. सोबत्यांमध्ये ताठ मानेनं बसणं कसं सुचलं नाही?

दिवेलागणीला टपरीवरून आप्पांचे सोबती सुकाकाका आले. दारातूनच ओरडले, "काय व माय, तुना बाप रुसना का आम्हनावर?"

मी म्हटलं, "नाही काका, गुडघा दुखतोय."

आप्पा आत ऐकत होते. काका गेल्यावर मी दोघांसाठी चहा केला. आप्पा समोर बसले, पण बोलणार काय? त्यांच्या मिलमधल्या गमती मला कळत नाहीत आणि माझ्या कॉलेजातल्या त्यांना.