लिंबागणेशला यायला गाडी

मोहिनी,

माझा चहा ठेवू नकोस, मी शाळेमागच्या मैदानावर गेलोय. काल केजच्या बाजारात जुनी मोटारसायकल घेतली. विकणारा हसला, "बाबा, ह्या वयात कावून शिकता?" गिअर पुस्तकात वाचून पाठ केलेत, तरी क्लच सोडला की गाडी बंद पडते.

आमचा सोमेश्वर गेल्यावर तुझं दुसरं लग्न मीच जुळवलं, ते योग्यच झालं. पण आता उद्या-परवा तू स्वराला घेऊन लिंबागणेशला नांदायला गेलीस, की माझी नात मला कशी दिसणार? कधीमधी आलो तर चालेल का, एवढं तुझ्या नव्या माणसांना विचार. नको म्हणाले, तर मला इतक्यात सांगू नकोस. गाडी शिकून होऊ दे.

नाना