माझी शुगर आणि तुझा धसका

एवोदिओ,

तू सोडून गेलास त्या धसक्यानेच मला शुगर झाली, असं तू ओआहाकाच्या बाजारभर सांगत फिरतोस म्हणे. तुझी आईही परवा म्हणाली, "अगं पोरी, धसका झाडून घे. इन्सुलिनने डोळे जातात!"

अरे शहाण्या, बावन्नाव्या वर्षी माझ्या शरीराने इन्सुलिन बनवणंच बंद केलं. आधी डॉक्टरही चुकले, वर्षभर नुसत्या गोळ्या देत बसले. आता दिवसाचं एक इंजेक्शन, शिवाय प्रत्येक जेवणाआधी एक. कमरेला लावायचा इन्सुलिनचा पंप घेता का, डॉक्टरांनी विचारलं. म्हटलं, इंजेक्शनचं पेनच द्या. कमरेला ओझं लटकवून फिरायची हौस नवऱ्यासोबतच फिटली.

धसका मी घेतला होता, पण पहिल्या सुईचा. तू गेलास त्या दिवशी तर मक्याचे चार गरमागरम तामाल खाऊन दुपारभर घोरत पडले होते.

हे पत्र टपालात टाकण्याइतकीही तुझी किंमत नाही.

एर्मेलिंदा