साडेसातची चिंगी

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. 'तीर्थरूप' लिहिलं की तुला एकदम म्हातारी झाल्यासारखं वाटतं, म्हणून नुसतं प्रिय. आम्ही इकडे ठीक आहोत. तुझा गुडघा काय म्हणतोय?

पत्र बघून म्हणशील, हिला फोन करायला काय धाड भरली? पण ताई, फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुझा सल्ला सुरू होतो. कागदाला तुला मध्येच तोडता येणार नाही. शिवाय दिवसभर कानातल्या त्या इअरफोनमधून प्रोड्यूसर ओरडत असतो. घरी आल्यावर कानाला आणखी काही लावावंसं वाटत नाही.

आता तुझ्या मुद्द्यावर येते. परवा व्हिडिओवर मला बघून तू म्हणालीस, "घरातसुद्धा थोबाड रंगवून बसतेस? बावन्नची झालीस, जरा वयाला शोभेल असं राहा की." मी हसून विषय बदलला, पण ते लागलं मला. तू केस रंगवायचं सोडलंस तेव्हापासून जगातला प्रत्येक काळा केस तुला खोटा वाटायला लागलाय.

माझं काय चालतं ते ऐक आणि पोटभर हस. भांग पांढरा दिसायला लागला की लगेच रंग, कारण वरून दिव्यांचा झोत पडतो आणि त्यात एकेक केस चमकतो. डोळ्यांखाली सूज नको म्हणून रात्रीच्या जेवणात मीठ नाही. फ्रिजमध्ये दोन चमचे कायम पडलेले असतात, ते सकाळी डोळ्यांवर ठेवायचे. आमच्या मेकअपवाल्याला ऑफिसात सगळे गवंडी म्हणतात. परवा माझ्या गळ्यावर ब्रश फिरवता फिरवता म्हणाला, "मॅडम, आता गिलावा धरत नाही हो." मी म्हटलं, "मग पाडून नवीन बांध." तो हसला नाही.

दिवाळं निघालं ते कपाळावर इंजेक्शन घेतलं तेव्हा. आठ्या गेल्या, पण कपाळ हलेचना. त्याच आठवड्यात ती प्रवासी बोट बुडाली. मी दुपारपासून सलग बातम्या वाचत होते. कानात आकडा वाढत होता, मध्येच कुणीतरी रडत होतं, प्रोड्यूसर म्हणत होता, "थांबू नका, बोलत राहा." मी आतून पार खचले होते आणि चेहरा इस्त्री केलेला. दुसऱ्या दिवशी लोकांचे निरोप आले की या बाईला काळीज आहे की नाही. त्यानंतर मी दोन दिवस जेवले नाही, पण ते कुणाला सांगणार?

नोकरीच तशी आहे. पुरुष निवेदक पिकला की अनुभवी दिसतो, आम्ही पिकलो की थकलेल्या दिसतो. म्हणून हे सगळं चाललंय असं समज.

आई मजेत आहे. संध्याकाळचे साडेसात वाजले की टीव्हीसमोर हजर. दिवसा सांभाळणाऱ्या मावशी सांगतात की तेव्हा कुणी मध्ये बोललेलं तिला खपत नाही. शेवटी मी कागद टेबलावर दोनदा ठोकते, ती आमची खूण तुला आठवते ना? माझ्या अगदी पहिल्या बातम्यांच्या आदल्या दिवशी तिनंच ठरवली होती. "संपलं की कागद दोनदा ठोक, म्हणजे मला कळेल तू निघालीस, मी चहा टाकते." त्या कागदांवर काही लिहिलेलं नसतं. आम्ही समोरच्या पडद्यावरचं वाचतो, कागद हातांना काम म्हणून. पण ते दोनदा ठोकणं मी एकही दिवस चुकवलं नाही.

तू मेमध्ये यायचं म्हणतेस. एवढी घाई करू नकोस. उन्हात प्रवास, त्यात तुझा गुडघा. पुढे बघू.

तुझी,
चिंगी


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याची विचारपूस मी करायची आणि तू एका ओळीत मला उभी-आडवी करायचं, हे लहानपणापासून चालत आलंय. "मी येऊ नये असं तुला का वाटतंय?" एवढंच लिहिलंस. बाकीचा कागद कोरा. तुझा तो कोरा कागद दोन दिवस माझ्याकडे बघत होता.

तर ऐक. मागच्या पावसाळ्यापासून आई मला ओळखत नाही.

लिहिलं एकदाचं. आता सविस्तर सांगते.

त्या दिवशी माझे डोळे चुरचुरत होते, म्हणून मेकअप स्टुडिओतच धुतला, केस वर बांधले आणि घरी आले. मावशी भाजी आणायला खाली गेल्या होत्या, म्हणून दार आईनं उघडलं. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "कोण पाहिजे आपल्याला?" मला वाटलं थट्टा करतेय. मी म्हटलं, "बातम्यावाली पाहिजे." ती म्हणाली, "चिंगी अजून यायचीय. आत्ताच निघालीय. बसा ना." आणि मला पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं. चहा दिला. मी तो प्यायले, कारण दुसरं काय करावं ते कळेना. मग बाथरूममध्ये जाऊन पर्समधलं होतं नव्हतं ते सगळं चेहऱ्याला फासलं, केस सोडले आणि बाहेर आले. आई म्हणाली, "आलीस? एक बाई येऊन बसल्या होत्या तुझ्यासाठी, गेल्या वाटतं."

तेव्हापासून मी घरी चेहरा धुवत नाही. आई झोपली की धुते, ती उठायच्या आत परत लावते. रविवारीसुद्धा. तू व्हिडिओवर पाहिलंस ते हेच. कातडी सोलवटलीय, त्यावर मलम, मलमावर पुन्हा रंग. डॉक्टर म्हणाल्या, "चेहऱ्याला जरा श्वास घेऊ द्या." मी हो म्हटलं आणि त्याच संध्याकाळी आणखी एक थर दिला. नोकरी हे कारण होतंच, पण नोकरीसाठी मी एवढं केलं नसतं, ताई. नोकरीला मी कधीच सांगितलं असतं, नको असेन तर हाकला.

आणि आता रंगही पुरत नाही. टीव्हीतला चेहरा दिव्यांनी उजळलेला असतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली ती माझ्याकडे बघते, मग बंद टीव्हीकडे बघते. आठवड्यातले निम्मे दिवस मी तिच्यासाठी त्या दुसऱ्या बाई असते. ती मला अहो-जाहो करते. "आवाज थोडा आमच्या चिंगीसारखा आहे हो तुमचा," असं परवा म्हणाली.

तुला येऊ नको म्हटलं ते याचसाठी. फोनवर तू "आई, मी ताई" म्हणतेस आणि ती तासभर बोलते. तिच्या डोक्यातल्या ताईची वेणी अजून काळीभोर आहे. दारात तुझे पांढरे केस दिसले तर तूही हातची जाशील. दोघींपैकी एक तरी तिच्याजवळ शाबूत राहावी असं वाटलं मला. तुला न विचारता ठरवलं, चुकलंच माझं.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नव्हती. त्या दुसऱ्या बाईशी आई फार चांगलं बोलते. चिंगीला ती जे कधी बोलली नाही ते सगळं त्या बाईला सांगते. "पोरगी हुशार आहे, पण फार मरमर करते. रोज मेलेल्यांची नावं वाचायची म्हणजे सोपं आहे का? हसते, पण तिच्या घशात काहीतरी अडकलेलं असतं, मला कळतं." बोट बुडाली त्या दिवशी सगळ्या जगाला मी दगड वाटले. आई म्हणाली, "त्या दिवशी रडत होती हो ती." माझं हलत नसलेलं कपाळ बघून तिला कळलं होतं, आणि शेजारी बसलेली मी कोण ते कळत नव्हतं.

मला तिच्यावर राग येत नाही. येतो कधीकधी. मग मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटते.

आणखी एक लिहायचं आहे, पण आज नको.

तुझी,
चिंगी


२१ मार्च

ताई,

मागच्या पत्रात जे राहिलं होतं ते हे, की मला पडद्यावरून काढलंय. नोकरी आहे. "तुमचा अनुभव आम्हाला हवाच आहे," असं संपादक म्हणाले. नवे कॅमेरे आलेत, त्यात जरा जास्तच स्पष्ट दिसतं, म्हणाले. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या कुंडीकडे बघत होते. बिचारी कुंडी. आता मी नव्या मुलींना शिकवायचं आणि आत बसून बातम्या तपासायच्या. गवंड्याला कळलं तेव्हा त्यानं माझ्या खुर्चीवर फडकं मारलं आणि ब्रश धुवायला गेला.

अपमान झाला का? झाला. पण मला त्या खोलीत बसून दुसरीच धडकी भरली होती. साडेसातला मी पडद्यावर नसेन, तर आईला चिंगी कुठे भेटणार? घरातली तर निम्मी गेलीच होती.

माझ्या जागी आलेली मुलगी चांगली आहे. तिची मान लांब आहे, केस मी पूर्वी ठेवायचे तसे खांद्यापर्यंत, आणि कपाळ हलतं. तिला मीच तयार केलं. श्वास कुठे घ्यायचा, कानात आरडाओरडा चालू असताना डोळे कसे स्थिर ठेवायचे, मृतांचा आकडा वाचल्यावर पुढच्या बातमीआधी किती थांबायचं, सगळं सांगितलं. तिनं माझी जुनी बुलेटिनं बघून बघून पाठ केली होती. शेवटच्या तालमीच्या दिवशी तिनं विचारलं, "मॅडम, शेवटी ते कागद दोनदा ठोकायचे असतात ना, ते नमस्कार म्हणायच्या आधी की नंतर?"

तिला वाटलं, तो कामाचाच भाग आहे. इतकी वर्षं मी ते रोज केलं, तर तिला तसं वाटणारच.

मी तिला सांगू शकले असते की बाई गं, ते माझं आहे, ते तू करू नकोस. तोंडापर्यंत आलं होतं. मग मला साडेसातला टीव्हीसमोर बसलेली आई दिसली. बातम्या संपल्यात, कुणी कागद ठोकले नाहीत, आणि ती नुसती वाट बघत बसलीय.

मी म्हटलं, "नमस्कारानंतर, लगेच. आणि एकही दिवस विसरायचं नाही."

तिनं मान डोलावली आणि एकदा करून दाखवलं. बरोबर केलं.

काल तिचा पहिला दिवस होता. मी लवकर घरी आले. बऱ्याच महिन्यांनी चेहरा साबणानं धुतला, केस बांधले, मावशींना घरी पाठवलं आणि आईच्या शेजारी पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले. आई म्हणाली, "बरं झालं आलात, बातम्या लागतायत." ती मुलगी पडद्यावर आली. आई पुढे झुकली. बराच वेळ बघत राहिली. मग पदराला चष्मा पुसून म्हणाली, "आज किती टवटवीत दिसतेय पोरगी माझी. परवापर्यंत फार ओढलेली वाटत होती. झोप झालेली दिसतेय."

मी म्हटलं, "हो, छान दिसतेय."

"तुम्ही चिंगीला ओळखता?"

"थोडंफार," मी म्हटलं.

शेवटी त्या मुलीनं नमस्कार केला आणि कागद दोनदा ठोकले. आई लगेच उठली. "निघाली," म्हणाली आणि गॅसवर चहाचं आधण ठेवायला गेली. एवढी खूश मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता, ताई. हेच तर हवं होतं मला. मी त्या खुर्चीत बसून आवाज न करता रडत होते.

आई चहा घेऊन आली आणि माझ्याकडे बघून थबकली. कप खाली ठेवला आणि माझ्या गालावरून हात फिरवला, जिथं कातडी सोलवटलीय तिथं अगदी हलक्या हातानं. "किती थकलात हो," म्हणाली. "काम फार असतं का? तुमची वाट बघणारं कुणी आहे ना घरी?"

मी म्हटलं, "आहे. आई आहे."

"मग बसू नका इथे," आई म्हणाली. "जा लवकर. काळजी करत असेल ती."

मी चपला घालून बाहेर आले. जिन्यात थोडा वेळ बसले आणि माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडून परत आत गेले. ती खुर्चीतच डुलक्या घेत होती. चहाचे दोन कप समोर होते. एक मी प्यायले नव्हते तो, आणि दुसरा झाकून ठेवलेला, चिंगीसाठी. तो मी गार झाला होता तरी प्यायले.

तर तू ये. मे कशाला, जमेल तेव्हा ये. केस रंगवून येऊ नकोस. तिनं नाही ओळखलं तर आपण दोघी पाहुण्या म्हणून बसू, चहा ती चांगला करते अजून. साडेसातला तिच्याबरोबर तिची मुलगी बघू. नंतर तू माझ्याशी भांड, वयाला शोभेल असं राहा म्हण, काय हवं ते म्हण. फक्त चिंगी म्हणून हाक मार. या घरात आता त्या नावानं मला हाक मारणारं कुणी राहिलेलं नाही.

तुझ्यापुरती तरी अजून,
चिंगी