गोठ्यातल्या भांडणाला वारस

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, गोठ्याची मालकीण, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. या घरात दडपण आणण्याचं काम आजवर मीच केलेलं आहे, साक्षीदारांना विचारा. डॉक्टरांनी हृदय तपासून मला मोठ्याने बोलायची बंदी केली, म्हणून हा खटाटोप. मी गप्प बसले की आमचा गोठा तोट्यात जातो. तो कसा, ते कलम दोनमध्ये येईल.

कलम एक. राहतं घर, पोस्टातली शिल्लक आणि माझ्या बांगड्या माझ्या यजमानांना, म्हणजे आमच्या ह्यांना. बांगड्या त्यांनी सुनेला द्यायच्या आहेत, पण स्वतःच्या हाताने. आजवर ह्यांनी कुणाला काही दिलं ते मला विचारून. एकदा तरी न विचारता द्या म्हणावं.

दूध काढायचं यंत्र मुलाला. त्याचं त्यालाच कळतं.

कलम दोन, गायी. गोठा बांधला तेव्हा ह्यांनी फरशीचा उतार उलटा दिला. धुतलेलं पाणी गटाराकडे जायचं सोडून थेट स्वयंपाकघराच्या दारात. पहिल्या गायीची धार काढायला बसले की ते पाणी समोर दिसायचं आणि माझं तोंड सुटायचं. हे बिचारे वैरण टाकता टाकता "हो, चुकलंच" म्हणायचे. गायीला सवय लागली. माझा आवाज चढला की तिला कळायचं, आता धार, आणि ती पान्हा सोडायची. तिच्या कालवडींनी तेच उचललं. आज अख्खी दावण आमचं भांडण ऐकल्याशिवाय थेंब देत नाही. मध्यंतरी ह्यांनी उतार सुधारायला गवंडी आणला होता. मीच त्याला चहा पाजून वाटेला लावला. रोज दोन वेळा भांडायला नवा विषय कुठून आणायचा?

मुलगा दुग्धव्यवसायाचं शिक्षण घेऊन आला. कोणती गाय किती खाते आणि किती देते, याचा त्याने तक्ता केला. इथवर ठीक. मग जनावरांना शांतता हवी म्हणून त्याने गोठ्यात संथ संगीत लावलं. यंत्र नुसतं फुसफुसत राहिलं. मग माझा आवाज रेकॉर्ड करून स्पीकरवर लावला. गायींनी माना वळवून ह्यांना शोधलं, हे दिसले नाहीत, तसं त्यांनी दूध कासेतच चोरून धरलं. अखेर त्याने तक्त्यात माझं भांडण खुराकाच्या रकान्यात, पेंडीच्या खाली लिहिलं आणि पुढे खर्च म्हणून शून्य टाकलं. माझ्या घशाची काही किंमतच नाही. सदर नोंदीला माझी हरकत आहे.

त्याने मला तोंडावर सांगितलं, "आई, तू थांबलीस तर लिटरमागे परवडणार नाही. गायी विकाव्या लागतील." पोरगा वाईट नाही, हिशेबही बरोबर आहे. पण गायी गेल्या तर हे पहाटे उठून जातील कुठे? ह्यांना दुसरं येतं काय? मला माझ्या मरणाची नाही, ह्यांच्या पहाटेची काळजी लागून राहिली आहे.

कलम तीन. म्हणून सदर भांडणाचा वारसा मी माझ्या नणंदेला देते. तिचा माझा अबोला आहे. धार काढायची माझी पितळी कासंडी तिने दोन दिवसांसाठी म्हणून नेली आणि तिच्यात माती भरून मोगरा लावला. असं करू शकणारी बाईच या कामाला लायक. तिने दोन्ही वेळा ह्यांच्याशी उतारावरून भांडावं. मोबदला म्हणून एका गायीचं दूध तिचं. कोणत्या गायीचं, यावरूनही भांडायला हरकत नाही.

कलम चार. कलम तीन रद्द समजावं. काल संध्याकाळी डॉक्टरांचं ऐकून मी धारेच्या वेळी गप्प उभी राहिले. गायी माझ्याकडे बघतायत, मुलगा तक्ता घेऊन दारात, आणि दुधाचा पत्ता नाही. मी ह्यांना हळूच म्हटलं, तुम्हीच भांडा की माझ्याशी, उतारावरून सुरुवात करा. तर म्हणे, उतार माझाच चुकलाय. मग दुसरं काही काढा म्हटलं, इतक्या वर्षांत माझं काहीच खटकलं नाही? ह्यांनी हातातली वैरण खाली टाकली. आणि लग्नापासून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडले:

"कागद कसले लिहीत बसलीस? मला विचारलंस? माझ्याआधी जायचं नाही, सांगून ठेवतोय!"

सगळ्या दावणीने एकदम पान्हा सोडला. मुलगा यंत्र लावेपर्यंत दूध फरशीवर, आणि फरशीवरून अर्थातच स्वयंपाकघराच्या दारात. मी त्यावर एक शब्द बोलले नाही. मला रडू येत होतं.

तेव्हा सर्व गायी बिनशर्त ह्यांच्या. विकायचा हक्क कोणालाही नाही. माझ्यामागे ह्यांनी दोन्ही वेळा माझ्या जागेकडे बघून हेच वाक्य, याच आवाजात ओरडावं. मी उलट उत्तर देणार नाही, ही सवलत प्रथमच देत आहे. उताराला कोणी हात लावू नये. कासंडी नणंदेने ठेवावी, मोगऱ्याला पाणी घालावं.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, एकही शब्द मागे घेत नाही.

ठिकाण: गोठ्यालगतची खोली.
तारीख: ह्यांच्या पहिल्या भांडणाचा दुसरा दिवस, सकाळची धार झाल्यावर.
सही: गोठ्याची मालकीण

साक्षीदार: १. जनावरांचा डॉक्टर. २. दूध न्यायला येणारा गाडीवाला, जो काल आरडाओरडा ऐकून धावत आला होता.

(समासात, वेगळ्या अक्षरात:) वाचलं. मान्य नाही. संध्याकाळी गोठ्यात ये, बोलू.