अकरावा फर्मा

५ ऑगस्ट, सोमवार

श्रावण लागला. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. जूनमध्ये 'तुळसाची काठी'च्या दहा प्रती ठेवल्या होत्या, एकही दिसेना. मालक म्हणाले, "आहेत ना, स्पर्धा परीक्षांच्या मागं." त्यांची पाठ वळल्यावर एक प्रत पुढं आणून पंचांगांवर ठेवली. बाहेर येऊन काचेतून बघत राहिलो. एका माणसानं ती उचलली, खालचं पंचांग घेतलं आणि ती परत ठेवली. पण ठेवताना सरळ ठेवली. तेवढ्यावर घरी आलो.

घरी अजून दोनशेच्या वर आहेत. मं. एका गठ्ठ्यावर चादर टाकून इस्त्री करते. "उंची बरोबर आहे," म्हणते. बायको म्हणून ती चांगली आहे. प्रकाशकाची बायको म्हणून कठीण.

छत्तीस वर्षं मोजणीदार म्हणून लोकांची शेतं मोजली. बांधावर कुणाशी वाद झाला तरी मोजणी चुकली नाही. आता स्वतःच्या पैशानं छापलेलं एक पुस्तक घेऊन दारोदार.

८ ऑगस्ट, गुरुवार

खुलताबाद. पिशवीत पंधरा प्रती. चहाच्या टपरीवर बसलो. चहावाल्याची दाढी मेंदीनं लाल. त्यानं पुस्तक घेतलं आणि उभ्याउभ्या ओठ हलवत वाचायला लागला. तिसऱ्या पानावर म्हातारी मेंढी ओढ्याशी अडून बसते आणि तुळसा तिच्याशी भांडते, तिथं तो हसला. "साब, मेरी दादी बकरी से ऐसाच लड़ती थी." मागं चहा उतू गेला. गिऱ्हाईक ओरडलं. हा वाचतोच आहे.

याची आजी मी कधी पाहिली नाही. ती माझ्या पुस्तकात कशी शिरली?

तिथंच जाधव बाई भेटल्या. देवगाव रंगारीच्या अलीकडं एका वस्तीवर शाळेत शिकवतात. त्यांनी एक प्रत घेतली. वस्तीवर श्रावणात दुपारी बायका पोथीला जमतात, या वर्षी हेच वाचीन म्हणाल्या. असं लोक म्हणतात. कोणती वस्ती ते विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आक्का, माझी थोरली बहीण, त्याच बाजूला असते.

११ ऑगस्ट, रविवार

वाचनालयातून बोलावणं आलं. कार्यवाह म्हणाले, "१ सप्टेंबर, सकाळी अकरा, 'लेखक आपल्या भेटीला'. अध्यक्ष तुमचे जुने साहेबच. त्यांनी स्वतः सुचवलं तुमचं नाव." मी हो म्हणालो.

साहेब. तेच साहेब.

इथं लिहून ठेवतो. कादंबरीत लिहिलंय, पण तिथं ते तुळसाचं आहे. इथं आक्काचं.

बावीस वर्षं झाली. सरकारी क्वार्टरमध्ये साहेबांना पहिल्यांदा जेवायला बोलावलं होतं. ऐन वेळी आक्का आली. न कळवता, मेंढरांमागून तशीच, पायाला धूळ, खांद्यावर माझ्यासाठी स्वतः कातलेल्या लोकरीची काळी घोंगडी. साहेबांनी विचारलं, "या कोण?" मी म्हणालो, "घोंगड्या विकणारी बाई आहे, गावाकडची."

जिनं मला पाठीवर बांधून कळप हाकला, तिला.

साहेबांनी घोंगडी चाचपली. "केवढ्याला?" आक्कानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग तिनं किंमत सांगितली. शांतपणे, बाजारात सांगतात तशी. साहेबांनी पैसे दिले, घोंगडी घेतली. सकाळी उठलो तर ते पैसे ओट्यावर, डब्याखाली, आणि आक्का गेलेली.

पुन्हा माझ्या घरी ती आली नाही. लग्नाकार्यात भेटलो तर "बरा हाय का," एवढंच. पण दर वर्षी पाकिटातून राखी येते. कुणाकडून तरी पत्ता लिहून घेते आणि पाठवते. चिठ्ठी नसते.

कादंबरीच्या शेवटी भाऊ तिच्या दारात जातो. मी गेलो नाही. मी कादंबरी लिहिली.

१९ ऑगस्ट, सोमवार

राखीपौर्णिमा. पाकीट आलं नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. मं. म्हणाली, "येईल उद्या." तिलाही माहीत आहे की बावीस वर्षांत ते कधी उशिरा आलेलं नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार

दुपारी जाधव बाईंचा फोन. "सर, शेवट कुठंय?"

मला वाटलं आवडला नसेल. तसं नव्हतं. शेवट नव्हताच. त्यांच्या प्रतीत पान १६० नंतर थेट पुठ्ठा. सोळा पानांचा एक फर्मा, असे अकरा फर्मे मिळून पुस्तक. त्यांच्यात दहाच.

आणि मी ज्याची कल्पनाही केली नव्हती ते त्या सांगत होत्या. खरंच पोथी लावलीय. देवळाच्या ओट्यावर, रोज दुपारी, वीसेक बायका. बाई वाचतात, मग कुणीतरी अर्थ सांगतं, पोथीला सांगतात तसा. हळदीकुंकू वाहतात. पुस्तकाला. माझ्या. मी फोन कानाला लावून खाटेवर बसलो.

"पोथी अर्धवट ठेवत नाहीत ना सर. म्हणून रोज शेवटचं पान पुन्हा वाचतो. साहेब विचारतात केवढ्याला, आणि तुळसानं... एवढ्यावर पान संपतं. बायका त्या भावाला रोज शिव्या घालतात. एक आजी मात्र म्हणाल्या, तुळसानं किंमत सांगितली आसंल. सगळ्या म्हणाल्या, काहीतरीच, पैसे कशी घेईल? तर म्हणाल्या, भावाची लाज झाकायला. पोरगं साहेबाला भ्यालं आसंल, म्हणाल्या. सर, असंच आहे का पुढं?"

मी विचारलं, आजींचं नाव काय?

"गोदाबाई. मेंढरं आहेत त्यांची. का हो?"

काही नाही, म्हणालो. शेवट पाठवतो, म्हणालो. फोन ठेवल्यावर किती वेळ बसलो ते माहीत नाही. मं.नं दिवा लावला तेव्हा कळलं.

त्या क्षणी समोर तीनच माणसं होती. साहेबांना ती गोष्ट आहे हेच माहीत नाही. राहिलो मी आणि आक्का. मी पाच वर्षं खोडखोडून लिहिलं तरी 'भ्यालं आसंल' हे मला सापडलं नव्हतं. तिनं ऐकताऐकता सांगून टाकलं. चारचौघींत माझी बाजू घेतली, आणि मी कोण हे कुणाला कळू दिलं नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

बाइंडर चाचांकडं. गुलमंडीमागच्या गल्लीत एक खोली. फर्म्यांचे ढीग ओळीनं मांडतात आणि चाचा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत एकेक उचलत जातात. अकरा पावलं, अकरा फर्मे. शेवटच्या एका गठ्ठ्याला दहाच पावलं चालले. अकरावा ढीग कुठं गेला म्हणून शोधाशोध केली. चाचा ज्यावर सतरंजी टाकून बसत होते, तोच. "हौ साब, मैं बी बोलूं, बैठक इत्ती नरम कैसी." मग कपाळाला हात लावला. म्हणाले, "आखरी था ना? गुनाह हो गया."

रागवायला गेलो होतो. त्यांनी चहा मागवला. सोळा पानं घेऊन आलो. अजून सुटी आहेत, शिवलेली नाहीत.

२४ ऑगस्ट, शनिवार

पानं पोस्टानं पाठवावीत असं ठरवलं. पाकिटावर पत्ता लिहिला. मं.नं वाचला आणि म्हणाली, "तिनं पाकिटं पाठवली ती इथं येणं जमत नव्हतं म्हणून. तुम्हाला बस आहे."

२५ ऑगस्ट, रविवार

सकाळच्या बसनं देवगाव, तिथून वस्तीपर्यंत रिक्षा.

ओट्यावर बायका जमलेल्या. पोथीच्या लाकडी चौरंगावर लाल फडक्यात 'तुळसाची काठी'. मुखपृष्ठावर हळदीची बोटं. आक्का खांबाला टेकून बसलेली. केस सगळे पांढरे झालेत. मला बघितलं, पदर सारखा केला, बाकी काही नाही. जाधव बाई म्हणाल्या, हे लेखक. एकजण म्हणाली, "आवं, त्या भावाला असं कसं काळीज दिलं तुमी?" दुसरी म्हणाली, "तोंडात माती घाला मेल्याच्या." आक्का म्हणाली, "ऐका की आधी. शेवट आणलाय त्यानं."

बाईंनी पुस्तक उघडलं. शेवटच्या पानावर खुणेला राखी ठेवलेली. लाल गोंडा, दोन मणी. या वर्षीची.

बाईंनी सोळा पानं वाचली. मी ऐकत होतो. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, देवळाच्या ओट्यावर, वीस बायका श्वास धरून ऐकताहेत, असं मी स्वप्नातही मागितलं नव्हतं. तुळसानं किंमत सांगितली तेव्हा सगळ्यांनी माना आक्काकडं वळवल्या. एकजण म्हणाली, "माय, तुला कसं ठावं होतं?" तिनं बाईंना पुढं वाचायची खूण केली. मग भाऊ दारात आला, पाया पडला, म्हणाला, ही माझी बहीण. कुणीतरी डोळ्याला पदर लावला.

बाईंनी आरतीचं ताट उचललं. समाप्ती करायची होती.

आक्का म्हणाली, "थांबा. हे शेवटचं खोटं हाय."

कुणालाच कळेना. ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. म्हणाली, "रामा, आला कवा तू? पुस्तकातला आला. तो लई गुणाचा हाय."

कळलं सगळ्यांना. मघाशी तोंडात माती घाला म्हणणारीनं खाली बघितलं.

मी म्हणालो, आक्का, आलोय की. आता आलोय. आणि पाया पडायला वाकलो. तिनं खांद्याला धरून उठवलं. हात तसाच आहे, खरखरीत, लोकरीचा वास. म्हणाली, "इथं कुणाला ठावं न्हवतं, मी तुजी कोण ते. आज कळलं यांना. पर साहेबापुढं तू जे बोलला ते तिथंच ऱ्हायलं. त्यो साहेब अजून मला घोंगडीवालीच समजत आसंल."

मग राखी पुन्हा त्याच पानात ठेवली. अकराव्या फर्म्याच्या आधी. "पोळ्याला समाप्ती करू. तवर ऱ्हाऊ दे पोथी उघडी."

दुपारी तिच्या घरी जेवलो. बाजरीची भाकर, पिठलं. मेंढ्यांची नावं सांगत बसली. निघताना मी १ तारखेचं सांगितलं, साहेब अध्यक्ष आहेत हेही. तिनं विचारलं, "लई लोकं आसत्यात का तिथं?" मी म्हणालो, असतील शंभरेक. म्हणाली, "मग बोलशील का तू? का पुन्ना भ्याशील?" थट्टेनं नाही. खरंच विचारत होती.

२६ ऑगस्ट, सोमवार

काल तिच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. बस आली होती, हे निमित्त.

२९ ऑगस्ट, गुरुवार

साहेबांकडं गेलो. भाषणाचे मुद्दे विचारायचे म्हणून. त्यांना पुस्तक आवडलंय. म्हणाले, "ती घोंगडीची कल्पना छान. अरे, तुझ्याकडच्या एका बाईकडून मीही घेतली होती, आठवतं का? गुडघ्यांवर अजून तीच लागते मला." कपाटातून काढून दाखवली. बावीस वर्षं, आणि एक धागा सुटलेला नाही. आक्कानं माझ्यासाठी विणलेली. मी पहिल्यांदाच तिला हात लावला.

तोंडाशी आलं होतं. साहेबांच्या सूनबाई पोहे घेऊन आल्या आणि मी पोह्यांबद्दल बोललो.

साठीच्या पुढचा माणूस, आणि अजून तोच मी. येताना रस्त्यावर स्वतःशी मोठ्यानं म्हणून बघितलं. ही माझी बहीण. तीन शब्द. रिक्षावाला वळून बघायला लागला.

एवढं मात्र केलं: साहेबांना म्हणालो, रविवारी ती घोंगडी घेऊन या. ते म्हणाले, का? मी म्हणालो, तिथं सांगतो.

३१ ऑगस्ट, शनिवार

जाधव बाईंचा फोन. गोदाआजी उद्या येते म्हणालीय, पण सकाळी मेंढरं सोडून मग ठरवीन म्हणते. पोथी बरोबर आणणार. बायका म्हणतात, पोथी वस्तीबाहेर नेऊ नये, ती म्हणते, "उघडी हाय, चालतंय."

मं.नं पहिल्या ओळीतल्या खुर्चीसाठी कागदावर नाव लिहून दिलं. आधी 'राखीव' लिहिलं होतं. मग खोडलं आणि लिहिलं: गोदाबाई, लेखकाची बहीण. मोठ्या अक्षरात. "आता टाळता येणार नाही तुम्हाला," म्हणाली.

१ सप्टेंबर, रविवार

सकाळी साडेआठ. बस स्टँडवर बसून हे लिहितोय. देवगावची पहिली बस येऊन गेली, तिच्यात आक्का नव्हती. पुढची साडेनऊला. तिकडं खुर्च्या मांडल्या असतील. पिशवीत पुस्तकं आहेत, पण आज एकही विकायची नाही.

ती आली तरी बोलायचं. नाही आली तरी त्या खुर्चीकडं हात करून बोलायचं. असं ठरवलंय. माझ्या ठरवण्याचा भरवसा मलाच नाही, म्हणून इथं शाईनं लिहितो. साहेबांचा आत्ताच फोन आला. घोंगडी गाडीत ठेवलीय म्हणाले.

साडेनऊ वाजले. बस फाटकातून वळतेय. खिडकीत एक पांढरं डोकं आहे, मांडीवर काहीतरी लाल फडक्यात. नीट दिसत नाही अजून. उठतो.