ओदीलला बेट दाखवलं त्याची हकीकत

प्रिय सोआझिगताई,

तुला आणि दाजींना धाकट्या गिरेकचा नमस्कार. दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त कमरेपर्यंत भिजल्यामुळे सर्दी झाली आहे (कसा भिजलो ते पुढे येईलच).

तुझ्या ऑफिसातली माणसं ऑगस्टमध्ये इकडे येणार, तर बेटावर पाहण्यासारखं काय ते कळव, असं तू लिहिलंस. ताई, तू याच बेटावर जन्मलीस! ल्योंचं पाणी लागलं तुला, दुसरं काय. असो. गेल्या गुरुवारीच मी एका व्यक्तीला अख्खं बेट दाखवलं, तेच लिहितो. तुझ्या माणसांच्या कामाचं असेल ते त्यातून वेचून घे.

व्यक्ती म्हणजे पलीकडच्या किनाऱ्यावरच्या गावातली बेकरीवाली ओदील (हसू नकोस). तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून मी रोज ओहोटीत उघडी पडणारी समुद्रातली वाट तुडवत तिच्याकडे पावाला जातो. पाव बेटावरही मिळतो, हे तिला ठाऊक आहे की नाही, मी कधी विचारलं नाही. आता ही बाई बेकरी विकून लेकीकडे तूलूझला जाणार असं कानावर आलं, तेव्हा मी तिला बेट पाहायला बोलावलं. मनातलं बोलायला मला एका दमात जमत नाही, हे तू जाणतेसच. मला निवांत वेळ हवा होता.

आपल्याकडची रीत तुला आठवत असेल. पाहुण्याला 'बसा' म्हणायच्या आधी भरतीची वेळ सांगायची, आणि एखाद्यानं ती सांगितलीच नाही, तर पाहुण्यानं अडकून राहावं असं त्याच्या मनात आहे, हे सगळं बेट ओळखतं. मी ठरवलं, या खेपेला सांगायची नाही. वाट पावणेपाचला बुडणार होती. बत्तीस वर्षं वाटेच्या तोंडाशी फळ्यावर भरतीची वेळ लिहिणारा मी, ओदील आली तेव्हा त्याच फळ्यासमोर छाती काढून उभा राहिलो.

आधी चर्च दाखवलं. तिथं किल्ली सांभाळणारी अनाईगमावशी दारातच म्हणाली, "पावणेपाचला पाणी येतं हो, बाई! हा गिरेक सांगेल म्हणून थांबू नकोस, याचं तोंड बायकांपुढे उघडत नाही." मग वाळूत तिसऱ्या वेचायला गेलो, तर होडीवाला फांश पार खडकावरून ओरडला, "ओ ओदीलबाई, पावणेपाच! पावणेपाच बरं का!" कुट्टूच्या पिठाची धिरडी खायला बसलो, तर मालकिणीनं भिंतीवरचं घड्याळ काढून आमच्या टेबलावर आणून ठेवलं. एरवी ही माणसं कुणाच्या घराला आग लागली तरी दुपारची झोप मोडत नाहीत.

सव्वाचारला ओदील उठली. "निघते मी. सगळं गाव एवढ्या कळकळीनं सांगतंय." मी पोचवायला निघालो. वाटेत तिच्या बुटाची नाडी सुटली, ती तिनं बांधली. पुन्हा सुटली, पुन्हा बांधली. हीच संधी म्हणून मी बोलायला सुरुवात केली, वाऱ्याच्या दिशेपासून. मूळ मुद्द्याजवळ आलो तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं. पाणी कापत जाऊन आम्ही दोघं वाटेत अडकलेल्यांसाठीच्या खांबावरच्या मचाणावर चढलो. किनाऱ्यावर सगळं बेट दुर्बिणी घेऊन हजर! फांश होडी घेऊन आला. "काय रे, बत्तीस वर्षं लोकांना शहाणपण शिकवलंस आणि आज स्वतःच माकडासारखा वर?" ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओदील मात्र शांतपणे म्हणाली, "फांश, तू दोन तासांनी ये."

मग मी विचारलं. तिनं तिच्या पिशवीतून पाव काढला, मोडून अर्धा मला दिला आणि म्हणाली, "बेकरी विकून तुला पाव कुठून देणार?" तेव्हा तुझ्या माणसांना सांग, चर्च पाहा, तिसऱ्या वेचा, धिरडी खा, पण मचाणावर दोघांहून जास्त जण मावत नाहीत.

तुझा,
गिरेक

ता. क. आईची अंगठी तुझ्या कपाटात आहे, ती लगेच पाठव. या पत्राचं खरं कारण तेच. ओदीलची बोटं कणीक मळून जाड झाली आहेत, तेव्हा तिकडच्या सोनाराकडून थोडी वाढवून घे.

आणखी एक. पाव खाऊन झाल्यावर ती कागदी पिशवी मी घडी घालायला घेतली. तिच्यावर वर्षभराच्या भरतीच्या वेळा छापलेल्या आहेत. ओदील दर वर्षी स्वतः तपासून छापून घेते, आणि मी सहा वर्षं त्याच पिशवीतून पाव आणतोय. मी म्हटलं, "मग बुटाची नाडी दोनदा कशाला बांधत बसलीस?"

"दोनदा नाही, चारदा," ती म्हणाली. "तू अजून वाऱ्यावरच होतास."